वाऱ्याचे मोजमाप

रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा ही दोन्ही गावे समुद्राच्या अगदी काठावर वसलेली नाहीत. तरीही तेथील जनजीवनाचा समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याशी निकटचा संबंध आहे. पेण भोगावती नदीकाठी आहे. त्याच्या पश्चिमेस खाड्या, खारभूमीतील भातशेते आणि मिठागरे पसरलेली आहेत. रोहा कुंडलिका नदीकाठी असून ही नदी पुढे रेवदंड्याजवळ समुद्रास मिळते. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते. तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरील थंड हवा आत येते. हे खारे वारे होत. रात्री जमीन लवकर निवते, तेव्हा वारा उलटतो आणि जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. यांस मतलई वारे म्हणतात. कोळी बांधवांना या वाऱ्यांच्या वेळा तोंडपाठ असतात. शेतकरी वाऱ्याची दिशा पाहून भात उपणतो. मिठागरातील पाणी आटण्यास जसे ऊन लागते तसा वाराही लागतो. पेणच्या कारखान्यांतील गणेशमूर्ती सुकण्यासाठीही वारा हवाच. मात्र तो बेताचा हवा.

वाऱ्याचे हे 'बेताचे' असणे म्हणजे नेमके किती? झुळूक, वारा, सोसाटा, वादळ असे शब्द आपल्या भाषेत आहेत. परंतु एकास जी झुळूक वाटते, ती दुसऱ्यास चांगला वारा वाटते. डोंगरावर राहणाऱ्यास जो वारा नित्याचा, तो खोऱ्यात राहणाऱ्यास वादळासारखा भासतो. एका गावचा वारा दुसऱ्या गावास कळवायचा, आजचा वारा दहा वर्षांपूर्वीच्या वाऱ्याशी ताडून पाहायचा, तर शब्द अपुरे पडतात. तेथे आकडा लागतो. हा आकडा मिळवण्यासाठी माणसाला पुष्कळ खटपट करावी लागली. वारा तराजूत घालता येत नाही की मापात भरता येत नाही. तो डोळ्यांना दिसतही नाही. दिसतात ते त्याचे परिणाम. म्हणून वारा मोजण्याचे सर्व मार्ग त्याच्या परिणामांवरून निघालेले आहेत.

यांपैकी एक मार्ग निरीक्षणाचा होता. इंग्रज आरमारातील फ्रान्सिस बोफर्ट या अधिकाऱ्याने १८०५ च्या सुमारास वाऱ्याच्या जोरास ० पासून १२ पर्यंत अंक दिले. जहाजावर किती शिडे उभारता येतात, यावरून तो अंक ठरे. पुढे या श्रेणीस जमिनीवरील खुणाही जोडण्यात आल्या. धूर सरळ वर जात असेल तर अंक ०. झाडांची पाने सळसळू लागली तर अंक २. तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ६ ते ११ किलोमीटर असतो. धूळ व कागदाचे कपटे उडू लागले की अंक ४ समजावा. छत्री सावरणे कठीण झाले की अंक ६, म्हणजे वेग ताशी ३९ ते ४९ किलोमीटर. झाडे मुळासकट उपटू लागली तर अंक १०. ताशी ११८ किलोमीटर किंवा त्याहून अधिक वेगाच्या वाऱ्यास शेवटचा अंक, १२, देतात. यंत्र जवळ नसले तरी ही श्रेणी आजही उपयोगी पडते. तथापि ती अंदाजाची आहे, मोजणीची नव्हे.

खऱ्या मोजणीसाठी जे उपकरण सर्वत्र रूढ झाले, ते आयर्लंडमधील टॉमस रॉमनी रॉबिन्सन या खगोलशास्त्रज्ञाने १८४६ साली तयार केले. त्याची रचना अगदी सोपी आहे. एका उभ्या दांड्याच्या टोकास आडव्या भुजा बसवलेल्या असतात आणि प्रत्येक भुजेच्या टोकास अर्ध्या नारळाच्या करवंटीसारखा एक पोकळ पेला असतो. रॉबिन्सनच्या उपकरणात असे चार पेले होते. आता बहुधा तीन असतात. पेल्याच्या पोकळ बाजूवर वारा आदळला म्हणजे तो तेथे अडतो आणि जोराने ढकलतो. पेल्याच्या फुगीर बाजूवर मात्र तो घसरून निघून जातो. त्यामुळे दोन्ही बाजूंवरील दाब सारखा राहत नाही आणि पेले नेहमी एकाच दिशेने फिरू लागतात. वारा पूर्वेकडून येवो वा पश्चिमेकडून, फिरण्याची दिशा बदलत नाही. बदलतो तो केवळ फिरण्याचा वेग. वारा जितका जोराचा, तितके फेरे अधिक. या उपकरणास वायुवेगमापक म्हणतात.

दांड्याच्या खालच्या टोकास दंतचक्रे आणि आकडे दाखवणारे गणकयंत्र जोडलेले असते. मोटारगाडीने किती अंतर कापले हे जसे तिच्यातील यंत्र दाखवते, तसेच उपकरणाजवळून किती किलोमीटर वारा वाहून गेला हे हे यंत्र दाखवते. वेधशाळेतील निरीक्षक एकदा आकडा टिपून घेतो आणि बरोबर तीन मिनिटांनी पुन्हा टिपतो. समजा, पहिला आकडा ४३१६.२० आणि दुसरा ४३१७.०० आहे. तीन मिनिटांत ०.८० किलोमीटर वारा वाहिला. एका तासात तीन मिनिटांचे वीस भाग असतात, म्हणून ०.८० ला २० ने गुणले की वाऱ्याचा वेग ताशी १६ किलोमीटर असल्याचे कळते. वाऱ्याची दिशा समजण्यासाठी जवळच वातकुक्कुट बसवलेला असतो. त्याच्या बाणाचे टोक वारा जिकडून येतो तिकडे वळते. पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यास पश्चिमी वारा म्हणतात, तो यामुळेच.

उपकरण कोठे बसवावे, यासही नियम आहेत. जमिनीजवळचा वारा घरे, कुंपणे व झाडे यांना अडखळून मंद होतो. म्हणून वायुवेगमापक मोकळ्या जागी, जमिनीपासून १० मीटर उंचीवर ठेवतात. आसपास एखादा अडथळा असेल, तर त्याच्या उंचीच्या निदान दहापट अंतर राखतात. नारळाचे झाड १२ मीटर उंच असेल, तर उपकरण त्यापासून १२० मीटर तरी दूर हवे. सर्व देशांनी हा नियम पाळल्यामुळे अलिबागचा आकडा आणि आयर्लंडचा आकडा यांची तुलना करता येते.

रॉबिन्सनचे उपकरण चांगले असले, तरी त्याच्या हिशेबात एक दोष राहून गेला होता. पेले ज्या वेगाने फिरतात त्याच्या तिप्पट वाऱ्याचा वेग असतो, असे त्याने ठरवले होते. पेले लहान असोत वा मोठे, भुजा आखूड असोत वा लांब, हा तीनचा गुणक बदलत नाही असे त्यास वाटले. अनेक वर्षे लोकांनी ते मानले. वास्तविक हा गुणक पेल्यांच्या व भुजांच्या मापांप्रमाणे बदलतो. तीनऐवजी तो पुष्कळदा बराच कमी असतो. म्हणजे अनेक ठिकाणचे वारे होते त्यापेक्षा अधिक वेगाचे म्हणून नोंदले गेले होते.

वाऱ्याच्या जोराकडे लोकांचे लक्ष एका भीषण अपघाताने वेधले. स्कॉटलंडमधील टे नदीवर लोखंडी रेल्वेपूल बांधला होता. २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री मोठे वादळ चालू असताना त्या पुलाचा मधला भाग कोसळला आणि त्यावरून जाणारी आगगाडी नदीत पडली. गाडीतील एकही माणूस वाचला नाही. चौकशीत असे आढळले की, पुलाची आखणी करताना वाऱ्याच्या दाबाचा विचारच केलेला नव्हता. पुलाचे वजन, गाडीचे वजन यांचा हिशेब झाला होता. डोळ्यांना न दिसणारा वारा तेवढा हिशेबातून सुटला होता. यानंतर विल्यम हेन्री डाइन्स या शास्त्रज्ञाने वाऱ्याच्या वेगाचा व दाबाचा कसून अभ्यास केला आणि तीनच्या गुणकातील दोष दाखवून दिला. त्याने नळीतील हवेच्या दाबावरून वेग मोजणारे नवे उपकरणही तयार केले. हे उपकरण वाऱ्याचा प्रत्येक झोत कागदावर रेघेने उमटवीत असे. त्यामुळे वारा सरासरीने किती आणि झोताने किती, हा भेद प्रथमच स्पष्ट दिसू लागला.

हा धडा कोकणात रेल्वे बांधणाऱ्यांनी नीट ध्यानात ठेवला. कोकण रेल्वेचा प्रारंभ रोह्यापासूनच होतो. मुंबईकडून येणारी गाडी पेण सोडून रोह्यास पोहोचते आणि तेथून पुढे सह्याद्रीचे डोंगर, बोगदे व नद्या ओलांडीत कर्नाटकातील ठोकूरपर्यंत जाते. १९९८ साली हा सारा मार्ग वाहतुकीस खुला झाला. या मार्गावर रत्नागिरी आणि निवसर यांच्या दरम्यान पानवल नदीवरील पूल आहे. त्याची उंची सुमारे ६४ मीटर, म्हणजे वीस मजली इमारतीएवढी आहे. इतक्या उंचीवर दरीतून येणारा वारा गाडीच्या कुशीवर सरळ आदळतो. म्हणून या पुलाजवळ वायुवेगमापक बसवलेला आहे. गोव्यातील मांडवी व जुवारी या नद्यांवरील पुलांजवळ आणि कर्नाटकातील शरावती नदीवरील पुलाजवळही अशी उपकरणे आहेत. वाऱ्याचा वेग ठरावीक मर्यादेपलीकडे गेला, की गाड्यांचा वेग कमी करण्यात येतो किंवा गाड्या थांबवण्यात येतात. डब्यात बसलेल्या उतारूस गाडी का थांबली हे पुष्कळदा कळत नाही. परंतु ते तीन पेले त्याच्यासाठी पहारा करीत असतात.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला म्हणजे त्याचा जोर दुप्पट होत नाही, तो चौपट होतो. वेग तिप्पट झाला तर जोर नऊपट होतो. ताशी ४० किलोमीटरच्या वाऱ्यात टिकणारे छप्पर ताशी १२० किलोमीटरच्या वाऱ्यात का टिकत नाही, ते यावरून ध्यानात येईल. रायगड जिल्ह्यास याचा कठोर अनुभव ३ जून २०२० रोजी आला. अरबी समुद्रात निर्माण झालेले 'निसर्ग' चक्रीवादळ त्या दिवशी दुपारी अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता आणि झोत ताशी १३० किलोमीटरपर्यंत जात होते. बोफर्टच्या श्रेणीतील अखेरच्या दोन पायऱ्यांवरचा हा वारा होय. वादळ पुढे रायगड जिल्ह्यातून पुण्याच्या दिशेने गेले. नारळ, सुपारी व आंबा यांच्या बागा आडव्या झाल्या; घरांची कौले व पत्रे उडाले; विजेचे खांब मोडून पडल्यामुळे कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. पेण परिसरात गणेशमूर्तींच्या कारखान्यांची छपरे उडाली आणि महिनोन्महिने खपून घडवलेल्या मूर्ती पावसात भिजून गेल्या.

हानी मोठी झाली. परंतु वादळ अवचित आले नव्हते. भारतीय हवामानशास्त्र विभागाने त्याची वार्ता आधीच दिली होती. किनाऱ्यावरील हजारो लोकांना सुरक्षित जागी हलवण्यात आले आणि कोळ्यांना समुद्रात न जाण्याची सूचना मिळाली. छपराखाली थांबलेला माणूस वेळीच तेथून हलला, तर छप्पर उडाले तरी जीव वाचतो. वादळ समुद्रावर असताना त्याच्यावर उपग्रहांची दृष्टी होती. ते किनाऱ्याजवळ येताच मुंबई व गोवा येथील डॉपलर रडार यंत्रांनी त्याचा माग घेतला. हे यंत्र रेडिओलहरी सोडते. त्या लहरी ढगांतील पावसाच्या थेंबांवर आदळून परत येतात. शिट्टी वाजवीत जवळ येणाऱ्या आगगाडीचा आवाज उंच व दूर जाणाऱ्या गाडीचा आवाज खोल वाटतो. त्याचप्रमाणे थेंब यंत्राकडे येत आहेत की दूर जात आहेत, त्यानुसार परत येणाऱ्या लहरींत फरक पडतो. त्या फरकावरून दूरच्या वाऱ्याचा वेग काढता येतो.

भारतीय हवामानशास्त्र विभागाची स्थापना १८७५ साली झाली. १९२८ साली त्याचे मुख्य कार्यालय शिमल्याहून पुण्यास आले. पुण्यातील ती इमारत आजही 'शिमला ऑफिस' या नावाने ओळखली जाते. येथेच ॲना मणी या थोर शास्त्रज्ञ महिलेने काम केले. त्यांचा जन्म १९१८ साली केरळात झाला. इंग्लंडमध्ये हवामानाच्या उपकरणांचा अभ्यास करून त्या १९४८ साली मायदेशी परतल्या आणि पुण्यास उपकरणांच्या विभागात रुजू झाल्या. त्या काळी साधी उपकरणेही परदेशातून आणावी लागत. ती आपल्या देशातच तयार व्हावीत, यासाठी त्यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे तयार करवून घेतले आणि त्यांची मापे निश्चित केली. चुकीच्या मोजमापापेक्षा मोजमाप नसलेले बरे, अशी त्यांची धारणा होती. निवृत्तीनंतरही त्या स्वस्थ बसल्या नाहीत. भारतात कोठे किती वारा वाहतो याचा त्यांनी अभ्यास केला आणि बंगळुरू येथे वाऱ्याचा वेग मोजणारी उपकरणे तयार करणारा एक लहानसा कारखाना काढला. २००१ साली त्यांचे निधन झाले.

बिनचूक मोजमापाचा त्यांचा आग्रह किती योग्य होता, ते पवनचक्कीच्या उदाहरणावरून कळते. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी व वनकुसवडे येथील पठारांवर शेकडो पवनचक्क्या उभ्या आहेत. वाऱ्यातून मिळणारी शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते. वेग दुप्पट झाला तर शक्ती आठपट होते. म्हणून वेग मोजताना शेकडा दहाची चूक झाली, तर शक्तीच्या हिशेबात शेकडा तेहतिसांची चूक होते. एवढ्याशा चुकीने सारा खर्च वाया जाऊ शकतो. यासाठी पवनचक्की उभारण्यापूर्वी त्या जागी उंच मनोऱ्यावर वायुवेगमापक बसवून दीर्घकाळ नोंदी घेतात.

वाऱ्याच्या मोजमापाचा उपयोग अन्यत्रही पदोपदी होतो. विमान वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने धावत उड्डाण करते; म्हणून विमानतळावर वाऱ्याची दिशा व वेग वैमानिकास क्षणोक्षणी कळवावा लागतो. रायगड जिल्ह्यातील उरण तालुक्यात न्हावा-शेवा बंदर आहे. अशा बंदरांत मोठमोठ्या पेट्या उचलणाऱ्या उंच यंत्रांवर वायुवेगमापक असतात आणि वारा वाढला की काम थांबवतात. रोह्याजवळ धाटाव येथे रसायनांचे कारखाने आहेत. रसायनांच्या कारखान्यांत उंच खांबावर रंगीत कापडाची, दोन्ही तोंडे उघडी असलेली एक निमुळती पिशवी लावतात. ती वाऱ्याने फुगून आडवी होते. कधी विषारी वायू गळला, तर तो कोणत्या दिशेने जाईल हे तिच्याकडे पाहून तत्काळ कळते. माणसांनी वायूच्या वाटेतून बाजूला होऊन वारा जिकडून येत असेल तिकडे जावे लागते. तेथे कापडाची ती साधी पिशवीही प्राणरक्षक ठरते.

अलीकडे फिरणारा एकही भाग नसलेली उपकरणेही निघाली आहेत. त्यांत ध्वनीच्या लहरी एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे व तेथून परत पाठवतात. वाऱ्याबरोबर जाणारा ध्वनी लवकर पोहोचतो, वाऱ्याविरुद्ध जाणाऱ्यास अधिक वेळ लागतो. या दोन वेळांतील सूक्ष्म अंतरावरून वेग निघतो. हा ध्वनी इतका उंच असतो की तो मानवी कानास ऐकू येत नाही. असे असले तरी रॉबिन्सनचे साधे पेले निरुपयोगी झालेले नाहीत. देशातील अनेक वेधशाळांच्या गच्चीवर ते आजही ऊनपाऊस सोसून फिरत आहेत.

वारा अडवणे माणसाच्या हाती नाही. पश्चिमेकडून येणारी वादळे पेण आणि रोह्याच्या वाटेने यापुढेही येतील. परंतु जो वारा मोजला गेला आहे, त्याच्यासाठी घराचे छप्पर किती बळकट हवे, पूल किती भक्कम हवा, आणि होडी केव्हा किनाऱ्यास लावायला हवी, हे आधी ठरवता येते. वेधशाळेतील निरीक्षकाने वहीत टिपलेल्या लहानशा आकड्याची योग्यता ही अशी आहे.

स्वाध्याय

१. खारे वारे आणि मतलई वारे कसे निर्माण होतात ते सांगा.
२. वायुवेगमापकाचे पेले नेहमी एकाच दिशेने का फिरतात?
३. रॉबिन्सनच्या हिशेबात कोणता दोष होता? त्याचा परिणाम काय झाला?
४. टे नदीवरील पुलाच्या अपघातावरून कोणता धडा मिळतो? कोकण रेल्वेने त्याचा उपयोग कसा केला?
५. वायुवेगमापकावरील पहिला आकडा २७५०.४० आणि तीन मिनिटांनंतरचा आकडा २७५१.६० आहे. वाऱ्याचा वेग ताशी किती किलोमीटर?
६. आठवडाभर रोज सकाळी व दुपारी झाडे, धूर व पताका यांचे निरीक्षण करून वाऱ्यास बोफर्टच्या श्रेणीतील अंक द्या आणि वहीत नोंद ठेवा.